पाळीच्या दिवशीची गोळी

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, असं आमच्या वेळी होतं. लिहायचं नाही असं मात्र कोणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी लिहू असं कोणाला वाटलंच नव्हतं. मी दुसरीपर्यंत शिकले. म्हणून एकदा लिहून टाकते: पतिराम. आमगावच्या पलीकडे आमचं गाव, गावाला मोठा तलाव, आणि चाळीस वर्षं त्या तलावाचे पाणकर आमचे हे.

तलाव आमच्याच लोकांच्या आज्या-पणज्यांनी बांधला. त्याच्यावर बावीस घरांच्या बांध्या भिजतात, म्हणजे धानाचे तुकडे. कोणाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे पाणकर ठरवतो. नियम एकच, शेपटीची बांधी पहिली. जी सगळ्यात लांब, नहराच्या शेवटच्या टोकाला, तिला आधी पाणी. मग वर वर येत तलावाला लागून असलेल्या बांधीला सगळ्यात शेवटी. तलावाजवळचा माणूस तोवर पाण्याकडे बघत बसतो. असा नियम लोकांकडून पाळून घ्यायचा, तर पाणकर कोणाचा मिंधा नको. म्हणून हे गावात कोणाकडे जेवत नसत. लग्नाला जात, अक्षता टाकत, आहेर देत आणि घरी येऊन भात-वरण खात. नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटे, माझ्या हाताला चव आहे. पुष्कळ वर्षांनी कळलं, नियम आहे.

तलावाच्या बांधात पाणी सोडायचं दार आहे, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. ते उघडायची लोखंडी चाबी हातभर लांब. ती खांद्यावर टाकून हे सकाळी निघाले की पोरं म्हणत, पाणकर चालले. घड्याळ यांनी कधी बांधलं नाही. मोहाच्या झाडाची सावली कुठवर आली ते बघत आणि तुडूम बंद करत. त्यावर कधी कोणी बोट ठेवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पाय सुजले. चार पावलं चाललं की दम. पोरगा योगराज गोंदियाला कुडव्यात राहतो, तो घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर झालं, पंपाला जोर नाही. गोळ्यांची पिशवी घेऊन घरी आलो. त्यात सकाळची एक अर्धी पांढरी गोळी, लघवीची. ती घेतली की अंगातलं जास्तीचं पाणी निघून जातं. पण दोन-तीन तास माणूस नुसता उठतो आणि जातो, उठतो आणि जातो.

तेव्हापासून झोपही बदलली. दुपारी जेवून खाटेवर आडवे झाले की श्वास आधी मोठा मोठा होत जातो, मग बारीक बारीक होत जातो, आणि थांबतो. पार थांबतो. मी बाजूला बसून बोटं मोजते. पंधरा, सोळा, सतरा. वीसच्या पुढे मोजायची मला हिंमत नाही, म्हणून वीसला खांदा हलवते.

"काऊन हालवतेस?"

"माशी होती."

"या घरात लय माशा झाल्या."

अशा माशा हाकलत माझी दोन वर्षं गेली. लेक शामकला, तिला लांजीला दिली आहे. तिचं नवीन स्वयंपाकघर मी फोनमध्ये पाहिलं. "आई, दोन दिवस तरी येऊन जा," म्हणाली. मी म्हटलं, येईन. खाटेपासून विहिरीपर्यंत जाते तर कान खाटेकडे असतो, लांजी तर दुसऱ्या राज्यात.

विसरणं कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. आधी चाबी हरवली. सगळं घर शोधलं, तांदळाच्या कोठीत सापडली. हे म्हणाले, "उंदरानं नेली असन." चार किलोची चाबी नेणारा उंदीर मला एकदा बघायचा आहे. मग एक दिवस अंगणात येऊन नुसते उभे राहिले. चाबी खांद्यावर, पाऊल उचलत नाही. मी भांडी घासत होते. तोंडाकडे बघितलं आणि कळलं, आज कोणाची पाळी आहे ते आठवत नाही. विचारतील तर ते पाणकर कसले.

मी राख चोळता चोळता म्हटलं, "आज गुलशनच्या बांधीले पाणी ना? त्याची मायबी काल इचारत होती."

"मले शिकवतेस का?" म्हणाले, आणि निघाले. गुलशनच्याच बांधीकडे.

त्या दिवसापासून मी बावीस चिंचोके दोन वाट्यांत ठेवले. पाळी झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. कोणता चिंचोका कोणाचा हे माझ्या डोक्यात. चाळीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून तेच तेच ऐकलं होतं, पाठ झालं होतं. रोज सकाळी भाजी चिरता चिरता, नाहीतर शेण काढता काढता मी कोणाचं तरी नाव काढायची आणि रोज ते म्हणायचे, मले शिकवतेस का. एक साल असं गेलं. कोणाला कळलं नाही. मला त्याचा थोडा गर्वही झाला होता, ते कबूल करते.

यंदा पोळ्यानंतर पावसानं ओढ दिली, म्हणून पाळ्या लवकर लागल्या. एक दिवस हे तलावावरून आले ते धोतर ओलं. म्हणाले, नहराचं पाणी उडालं. नहराचं पाणी इतकं मोजून एकाच जागी उडत नाही. तलावाच्या बांधावर मोहाचं एक झाड, बाकी उघडं. खाली सगळीकडे बाया निंदायला वाकलेल्या. म्हातारा माणूस कितीदा उठणार आणि कुठं जाणार? मी धोतर धुतलं आणि वाळत टाकलं.

दुसऱ्या पाळीच्या दिवशी मी ती अर्धी पांढरी गोळी दिलीच नाही. चुन्याच्या रिकाम्या डबीत टाकली. बाकीच्या गोळ्या दिल्या. एका दिवसानं काय होतं, असं वाटलं. त्या दिवशी धोतर कोरडं आलं आणि हे दोन पोळ्या जास्त खाऊन झोपले. मग पाळीच्या प्रत्येक दिवशी तसंच. पाळ्या रोजच्या होत गेल्या.

पायावर सूज आली. मी म्हटलं, दिवसभर लटकवून बसतात म्हणून. झोपेत श्वास थांबायचा तो आता जास्त वेळा थांबायला लागला. मी म्हटलं, वय झालं. सकाळी नाव सांगितलं तर दुपारी पुन्हा सांगावं लागे, म्हणून मी त्यांची भाकर घेऊन तलावावरच जायला लागले आणि मोहाखाली बसायला लागले. गाव म्हणे, बुढा-बुढीचं प्रेम उतू जाऊन राहिलं. मी हसायची. पाळी सुटू नये म्हणून गोळी सोडायची, आणि गोळी सोडली म्हणून पाळी जास्त सुटायची. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी चिंचोके मोजत होते.

हस्त नक्षत्र लागलं तेव्हा दुसरा फेरा सुरू झाला. पहिली पाळी शेपटीची, म्हणजे केशोरावची. त्यांचं भारी धान निसवायला आलेलं, पोटरीत दाणा धरायचे दिवस, आणि बांधीला भेगा. सकाळी मी तीनदा केशोरावचं नाव काढलं. पण त्याच दिवशी कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात अंगठा द्यायची शेवटची तारीख होती. म्हटलं, तासाभरात येते. तुडूम उघडून, यांना मोहाखाली बसवून गेले. मशीन अंगठा घेईना. माझे अंगठे भांडी घासून घासून कोरे झाले आहेत. दोन तास गेले.

परत आले तर हे झाडाला टेकून झोपलेले. तोंड उघडं, श्वास थांबलेला. आधी बोटं मोजली, मग हलवलं, मग नहराकडे बघितलं. पाणी शेपटीकडे गेलंच नव्हतं. यांनी फाट्यावरची फळी बिसरामकडे वळवली होती. बिसरामची बांधी तलावाला लागून, तिची पाळी सगळ्यात शेवटी. ती काठोकाठ भरून धुऱ्यावरून, म्हणजे कडेच्या मातीच्या वरंब्यावरून वाहत होती आणि खाली केशोरावच्या बांधीत चिमणी पाय भिजवेल एवढंही पाणी नव्हतं.

केशोराव संध्याकाळच्या आधीच दारात आले. यांच्याच वयाचे, शाळेत एका पाटावर बसलेले. अंगणात बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"पतिराम, बिसरामनं काय खाऊ घातलं तुले?"

हे खाटेवर बसले होते. म्हणाले, "कायले खाऊ घालन? मी तं तुले पाणी देल्लं."

"मले देल्लं?"

"दिवसभर देल्लं. जाऊन पाह्य बांधीत."

शपथ घेतल्यासारखं म्हणाले, कारण त्यांना तसंच आठवत होतं. केशोरावांना ते धडधडीत खोटं वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चाळीस सालं हा आपल्याच घरचा भात खाऊन ऱ्हायला म्हणून मान होता, वहिनी. आता या वयात काय भूक लागली? परवा पारावर बैठक हाय. चाबी घेऊन ये म्हणा."

ते गेले. मी दारातच उभी होते. बोलले असते तर एवढंच बोलायचं होतं, त्यांना आठवत नाही हो. पण ते म्हटलं की चाबी गेली. नाही म्हटलं तर इमान गेलं. चोर म्हणवून घ्यायचं की डोकं गेलेला, यातलं एक निवडायचं होतं, आणि निवडायला बसवली होती मला, जिनं आयुष्यात साडीचा रंगही कधी एका झटक्यात निवडला नाही. मागून हे म्हणाले, "केशो काऊन आला होता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी यांना आडवं होता येईना. बसून बसून श्वास घेत होते. योगराज गाडी करून आला आणि आम्ही गोंदियाला गेलो.

डॉक्टरांनी पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. सुई लावली, हवा लावली. दुपारपर्यंत जरा बरं वाटल्यावर डोक्याची परीक्षा घ्यायला खुर्ची ओढून बसले.

"बाबा, आज तारीख क्या है?"

"हस्त लागला," हे म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर काट मारली.

"पत्नीचं नाव?"

यांनी भिंतीकडे तोंड केलं. आमच्याकडे नवराही बायकोचं नाव असं चारचौघांत घेत नाही. पुन्हा काट. मी म्हटलं, "साहेब, येते त्यायले. लाजून ऱ्हायले." डॉक्टर हसले, पण काट तशीच.

मग तीन शब्द सांगितले, थोड्या वेळानं परत म्हणायचे: घोडा, चाबी, आंबा. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि विचारलं. हे छताकडे बघायला लागले. मी डॉक्टरांच्या मागून कमरेचा चाब्यांचा जुडगा हलवला. यांनी बघितलं आणि म्हणाले, "पैंजण."

डॉक्टर मागे वळले. मी जुडगा पदरात घेतला, पण त्यांना जे कळायचं ते कळलं. योगराजला औषध आणायला पाठवलं आणि मला विचारलं, "अम्मा, घरीबी असंच करता का? मागून सांगता?"

मी मान खाली घातली.

"गोली बराबर देता ना रोज? पेशाबवाली?"

"हो," म्हटलं. आणि मग माझाच हात कमरेला गेला आणि डबी निघाली. का काढली सांगता येत नाही. उघडून त्यांच्या टेबलावर ठेवली. चुन्याच्या पांढऱ्यात अर्ध्या अर्ध्या गोळ्या. त्यांनी पेनानं मोजल्या, सतरा.

पेन खाली ठेवलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग सावकाश सांगितलं. हृदय कमजोर असलं की अंगात पाणी साचतं, छातीतही. झोपेत श्वास घ्यायचा हुकूम मेंदूतून येतो, तो अशा माणसाला मधे मधे येतच नाही. श्वास थांबतो, मेंदूला हवा कमी पडते आणि विसरणं वाढतं. सगळं विसरणं त्यानंच झालं असं नाही, काही मूळचंही असेल, पण पाणी साचलं की हे सगळंच बिघडतं. योगराज परत आल्यावर त्यानं नाकाला लावायच्या मशीनचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, हृदय इतकं कमजोर असताना ती मशीन सगळ्यांना चालत नाही, बघून द्यावी लागते. आधी गोळ्या रोज, मीठ कमी, मग झोपेची तपासणी.

मी ऐकत होते. चाळीस वर्षं तलावाचं तुडूम उघडणारा माणूस, आणि त्याच्या अंगातलं तुडूम मी दाबून धरलं होतं.

बैठक दुसऱ्या दिवशी होती. हे दवाखान्यात. योगराज म्हणाला, "आई, मी जाऊन सांगतो, बाबा बीमार हायेत म्हणून." मी म्हटलं, तुले काय माहीत हाय? त्याच्या गाडीवर मागे बसून गेले, चाबी मांडीवर आडवी धरून.

पारावर बाया बसत नाहीत. मी खाली उभी राहिले आणि चाबी वर ठेवली. लोखंड वाजलं. आधीच ठरवलं होतं, रडायचं नाही, लांबवायचं नाही.

"त्यायनं बिसरामचं काही खाल्लं नाई," मी म्हटलं. "त्यायले आठवत नाई. गेलं साल आन यंदा पाळ्या मीच सांगत होती. परवा मी जाग्यावर नव्हती, म्हणून चुकलं."

केशोरावांनी तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"म्हणजे दोन सालं पाणकर तुमी होत्या?"

"चिंचोक्यावर."

"तरी मी म्हणो," केशोराव म्हणाले, "गेल्या साली याची एकबी चूक काऊन नाई निघाली. आधी दोन-चार तं निघत."

दोघं-तिघं हसले. केशोराव हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "मले ओळखते का तो?"

"तुमाले ओळखतेत. तुमी परवा आले होते ते नाई ओळखत."

बिसरामनं तिथूनच जाऊन आपला धुरा फोडला आणि साचलेलं पाणी बांधीबांधीतून खाली सोडलं. केशोरावचं अर्धं धान वाचलं. अर्धं पोचट निघालं, ते त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. दिसतं मात्र, त्यांची बांधी रस्त्यावरच आहे.

चाबी कोणाला द्यायची, यावर कोणीतरी म्हणालं, वहिनीलेच द्या, तिले सगळं येते. खरं सांगते, एक क्षण माझा हात पुढे झाला. मग खाट आठवली, वीस बोटं आठवली. म्हटलं, मले घरून निघता येत नाई. चाबी केशोरावच्या सुनेला मिळाली, दुर्गेश्वरीला. शिकलेली पोरगी आहे, पाळ्या फोनमध्ये लिहिते. मी तिला चिंचोके देऊ केले. तिनं घेतले, आता पोराला खेळायला दिले आहेत.

सहाव्या दिवशी हे घरी आले. पायाची सूज उतरलेली, तोंडावर तेज. मला वाटलं, आता मोकळी झाले. आणि सकाळी उठल्या उठल्या विचारलं, "चाबी कुठं हाय?"

मी बसवून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग पेटले. मला न विचारता दिलीस? जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, चाबी कुठं हाय? पुन्हा सांगितलं, पुन्हा तेवढेच पेटले, पुन्हा जेवले नाहीत. त्यांच्यासाठी ते रोज पहिल्यांदाच होत होतं, माझ्यासाठी मात्र मोजून चौथ्यांदा झालं. डबीचंही सांगितलं. सतरा गोळ्या, मी मुद्दाम नाही दिल्या, माझं चुकलं. "बरं," म्हणाले. दुपारी विचारलं, काही आठवते का मी काय सांगितलं? म्हणाले, भाजीचं सांगितलंस. माफ केलं की नाही ते मला कळायला मार्गच राहिला नाही.

पाचव्या सकाळी मी सांगणं सोडून दिलं. गोळ्या तळहातावर घेऊन पुढे केल्या. त्यांनी एक एक उचलली आणि अर्धी पांढरी तेवढी ठेवून दिली.

"हे काऊन ठेवली?"

"आज पाळी असन ना."

मी गोळी पुन्हा पुढे केली.

"पाळीच्या दिवशी ते नसते," म्हणाले. मला समजावून सांगावं तसं, हळू आवाजात. "तूच तं नाई देत."

केशोराव आल्याचं विसरले, दवाखाना विसरले, चाबी गेल्याचं रोज विसरतात. ही एक गोष्ट मात्र राहिली. मी डबीत लपवत होते ती त्यांना सगळी दिसत होती, आणि तेही गप्प होते. दोघं मिळून गप्प होतो, दोघांना वाटत होतं आपण एकटेच आहोत.

तेव्हापासून रोजचं ठरलं आहे. सकाळी दुर्गेश्वरी चाबी खांद्यावर घेऊन आमच्या दारावरून जाते. तिला मी सांगितलं होतं, बाई, दुसऱ्या वाटेनं जात जा. ती म्हणाली, "काकू, दुसरी वाट चिखलाची हाय." तेही खरं. म्हणून तिची चाहूल लागली की मी दार लोटून घेते. आत अंधार होतो. हे खाटेवर, मी पुढ्यात, खाली लघवीसाठी बादली.

"काऊन दार लावलंस?"

"माशा येतेत."

"आज कोणाची पाळी हाय?"

बाहेरून चाबीला अडकवलेल्या साखळीचा आवाज येतो आणि नहराकडे जातो.

"आज कोणाचीच नाई," मी म्हणते.

ते दाराकडे बघतात. चाळीस वर्षांत हस्तात पाळी नसलेला दिवस त्यांना आठवत नसावा. मग हात पुढे करतात.

"मंग दे."